सेंटिनेली लोकांनी बाहेरचा माणूस पाहिलाच नाही?

अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावरचे लोक जन्मजात हिंसक आहेत, अश्मयुगात अडकले आहेत आणि त्यांना बाहेरचं जग ठाऊकच नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २०१८ मध्ये बेकायदा तिथे गेलेला एक अमेरिकन तरुण मारला गेला, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरली.

ती खरी नाही. १८८० मध्ये ब्रिटिश अधिकारी मॉरिस पोर्टमन याने बेटावरून एक वृद्ध जोडपं आणि चार मुलं पळवून पोर्ट ब्लेअरला नेली. सगळे आजारी पडले, जोडपं दगावलं आणि मुलांना भेटवस्तूंसह परत सोडण्यात आलं. सोबत कोणते रोग बेटावर गेले असतील, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं. बाहेरच्यांना दूर ठेवण्यामागे इतकं सबळ कारण असताना त्याला रानटीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

अश्मयुगाचंही तेच. १९८१ मध्ये बेटाजवळ रुतलेल्या 'प्रिमरोज' जहाजाचं लोखंड त्यांनी हत्यारांसाठी वापरलं. आणि जानेवारी १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय यांच्या पथकाकडून त्यांनी नारळ स्वीकारले, तेही पाण्यात उतरून, थेट हातातून.

पुढे सरकारनेच या भेटी थांबवल्या. बाहेरच्या साध्या आजारांविरुद्धही या लोकांकडे प्रतिकारशक्ती नसण्याचा धोका मोठा आहे. शेजारचे ग्रेट अंदमानी ब्रिटिश वसाहतीनंतर हजारोंवरून काही डझनांवर आले, त्यात गोवर आणि सिफिलिसचा मोठा वाटा होता. म्हणून १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली बेटावर जाण्यास बंदी आहे, अगदी हौशी पर्यटकालाही.