पर्वतांपलीकडचे पेट्रोल : कॅलिफोर्नियातील भाव आणि देशाची सरासरी

१४ जून २०२२ रोजी अमेरिकेत पेट्रोलचा राष्ट्रीय सरासरी भाव गॅलनमागे (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) ५.०१६ डॉलर नोंदवला गेला, आणि तो त्या देशातील विक्रम ठरला. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातील सरासरी ६.४३८ डॉलर होती. जागतिक बाजारात कच्चे तेल भडकले होते, त्यामुळे या दोन्ही आकड्यांचे कारण सांगता येत होते. मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला देशाची सरासरी ४ डॉलरच्या खाली उतरलेली असताना कॅलिफोर्नियातील भाव पुन्हा ६.४० डॉलरच्या आसपास पोहोचला आणि दोहोंतील अंतर अडीच डॉलरच्याही पुढे गेले. कच्च्या तेलाचा भाव सगळ्या राज्यांना जवळजवळ सारखाच लागू होतो, म्हणून एवढ्या अंतराचे मूळ राज्याच्या आतच शोधावे लागते.

या तुलनेत एक गोम आहे. देशात खपणाऱ्या पेट्रोलपैकी साधारण दहावा हिस्सा एकट्या कॅलिफोर्नियात खपतो. साहजिकच खपाच्या प्रमाणात काढलेल्या राष्ट्रीय सरासरीत हे महाग राज्यही धरलेले असते आणि ते सरासरीला वर ओढते. उरलेल्या अमेरिकेशी तुलना केली, तर प्रत्यक्षातले अंतर बातम्यांत दिसते त्याहून थोडे अधिकच भरते.

अंतराचे कारण विचारले की पहिले बोट कराकडे जाते. पेट्रोलवर कर बसवणारे पहिले राज्य ओरेगॉन. तिथे १९१९ मध्ये गॅलनमागे १ सेंट कर सुरू झाला. कॅलिफोर्नियाने १९२३ मध्ये २ सेंट कर लावला आणि केंद्र सरकारने १९३२ मध्ये स्वतःचा १ सेंट. केंद्राचा कर १९९३ पासून १८.४ सेंटवर थांबलेला आहे. तो सर्व राज्यांना सारखाच असल्याने अंतरात त्याचा वाटा नाही. राज्याचा कर मात्र चढत गेला. २०१७ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रस्तेदुरुस्तीसाठी त्यात १२ सेंटची वाढ करणाऱ्या आणि पुढे तो महागाईशी जोडणाऱ्या कायद्यावर सही केली. ही वाढ रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये फेटाळला, आणि जुलै २०२५ मध्ये राज्याचा कर ६१.२ सेंटवर पोहोचला. या कराशिवाय हवामानविषयक धोरणांचा खर्चही भावात मिळतो. कमी कार्बनच्या इंधनाचे मानक २०११ पासून अमलात आले, आणि १ जानेवारी २०१५ पासून इंधन पुरवठादारांना कार्बन उत्सर्जनाचे परवाने विकत घेणे भाग पडले.

कर पावतीवर शोधता येतो, म्हणून त्याची चर्चा जास्त होते. त्याहून खोल कारण लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर इतके दाट आणि डोळ्यांना झोंबणारे धुरके उतरले, की जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंका काहींना आली. त्या धुरक्याचे रसायनशास्त्र उलगडले ते कॅल्टेक या कॅलिफोर्नियातील तंत्रशास्त्र संस्थेतील आरी हागेन-स्मिट यांनी. मोटारींचा धूर आणि कारखान्यांची वाफ यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने राज्याचे वायुसंसाधन मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडेच आले. केंद्राच्या कायद्याने कॅलिफोर्नियाला मोटारींसाठी देशापेक्षा कडक नियम करण्याची मुभा दिली. मोटारींनंतर मंडळाने इंधनाकडे मोर्चा वळवला.

१९९६ मध्ये राज्यभर वेगळ्या घटकांचे, कमी प्रदूषण करणारे पेट्रोल सक्तीचे झाले. ते बनवण्याचा जादा खर्च गॅलनमागे दहा सेंटच्या आसपास मानला जातो. तेवढ्याने दीड डॉलरचे अंतर पडत नाही. खरा परिणाम वेगळाच झाला. शेजारच्या राज्यात विकले जाणारे साधे पेट्रोल अडचणीच्या वेळी उचलून आणावे, ही सोय संपली. पुढे एमटीबीई या मिश्रकाने विहिरींचे पाणी नासवल्याचे, विशेषतः सांता मोनिकात, उघड झाले. त्यावर बंदी घालून मंडळाने मिश्रणाचे नियम पुन्हा बदलले, आणि राज्याचे पेट्रोल इतरांपासून वेगळे ते वेगळेच राहिले.

भूगोलानेही हाच वेगळेपणा पक्का केला. आखाती किनाऱ्यावरील टेक्सास आणि लुइझियानातील मोठ्या रिफायनऱ्यांतून पेट्रोल कॅलिफोर्नियात आणणारी एकही नळवाहिनी नाही; उलट कॅलिफोर्नियातून निघणाऱ्या वाहिन्या नेवाडा आणि ॲरिझोनाला माल पुरवतात. तुटवडा पडला तर पेट्रोल जहाजाने मागवावे लागते आणि ते पोहोचायला काही आठवडे जातात. देशातल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा, तर १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेत बांधलेले आणि अमेरिकी मालकीचे जहाज लागते. अशी जहाजे थोडी आणि महाग आहेत. शिवाय १९८० च्या दशकानंतर राज्यातील छोट्या रिफायनऱ्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि उत्पादन मोजक्या कंपन्यांच्या हाती आले. अशा बाजारात एक कारखाना बंद पडला तरी भाव भडकायला पुरेसे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये रिचमंड येथील रिफायनरीला आग लागली आणि त्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील भावाने तेव्हाचा उच्चांक गाठला.

तरीही अशी उसळी काही आठवड्यांत ओसरायची. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी टॉरन्स येथील रिफायनरीत स्फोट झाला, कारखाना वर्षाहून अधिक काळ पूर्ण क्षमतेने चालला नाही आणि अंतर वाढले, इथपर्यंत नवीन काही नव्हते. नवीन गोष्ट अशी, की कारखाना पूर्ववत झाल्यावरही अंतर जुन्या पातळीवर उतरले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अर्थशास्त्रज्ञ सेव्हरिन बोरेनस्टाइन यांनी कर, पर्यावरणविषयक आकार आणि वेगळ्या मिश्रणाचा खर्च वजा करून पाहिला. २०१५ पूर्वी जवळपास काहीच न उरणारी ही बाकी त्यानंतर सरासरी ४० सेंटच्या पुढे राहिली होती. या बाकीला त्यांनी ‘गूढ अधिभार’ म्हटले. घाऊक भाव खाली आल्यावरही किरकोळ भाव वरच राहतो, म्हणजे वितरण आणि विक्रीच्या टप्प्यावर काहीतरी अडते, हे त्यांचे निरीक्षण रिफायनऱ्यांवर सारा दोष टाकणाऱ्यांना आणि कराला शिव्या घालणाऱ्यांना सारखेच गैरसोयीचे आहे.

राजकारणाने मात्र रिफायनऱ्यांकडेच पाहिले. २०२२ च्या ऑक्टोबरमधील उसळीनंतर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. मार्च २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने पेट्रोल बाजारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि रिफायनऱ्यांच्या नफ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्याच्या ऊर्जा आयोगाला मिळाला. रिफायनऱ्यांना किमान साठा ठेवायला लावता येईल, असा दुसरा कायदा १४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. दोनच दिवसांनी फिलिप्स ६६ या तेलकंपनीने लॉस एंजेलिसमधील आपली रिफायनरी २०२५ अखेर बंद करणार असल्याचे सांगितले, आणि एप्रिल २०२५ मध्ये व्हॅलेरोने बेनिशियाच्या रिफायनरीबाबत तसाच इरादा कळवला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऊर्जा आयोगाने नफ्यावरील मर्यादेचा विषय पाच वर्षांसाठी बाजूला ठेवला.