हीट पंपावर चालणारे फरशी-तापन व शीतन

फरशीखालच्या कोब्यात पुरलेल्या नळ्यांतून कोमट किंवा गार पाणी फिरवून खोलीचे तापमान राखण्याची पद्धत. पाणी तापवण्या-गारवण्याचे काम हीट पंप करतो. थंडीत तो बाहेरची हवा, जमीन किंवा भूजल यांतली उष्णता उपसून घरात आणतो. उन्हाळ्यात चौमार्गी झडपेने शीतकाचा, म्हणजे पंपात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा, प्रवाह उलटवला की तोच पंप घरातली उष्णता बाहेर टाकतो. जमीन तापवून घर उबदार ठेवण्याची कल्पना प्राचीन आहे. रोमन हायपोकॉस्ट आणि कोरियातील ओंडोल यांत फरशीखालून गरम हवा व धूर खेळवत असत. ओंडोलने प्रभावित झालेले वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील मॅडिसन येथे १९३७ साली पूर्ण झालेल्या जेकब्झ घरात फरशीखाली नळ्या टाकल्या होत्या.

फरशी आणि हीट पंप यांचे जमते ते कमी तापमानामुळे. जुन्या धाटणीच्या रेडिएटरला ५५ ते ७० अंश सेल्सिअसचे पाणी लागते. फरशीचे क्षेत्रफळ मोठे असल्याने तिला बहुधा ३० ते ४० अंश पुरतात. पंपाला उष्णता जितकी कमी चढवावी लागते तितकी वीज वाचते. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरले तर कार्यक्षमता ढोबळमानाने दोन-अडीच टक्क्यांनी सुधारते. म्हणून आराखड्याची सुरुवात पंपाच्या निवडीपासून न करता प्रत्येक खोलीच्या उष्णताहानीच्या हिशेबापासून करावी. पंप पुढे बदलता येतो, कोब्यात गाडलेल्या नळ्या बदलता येत नाहीत.

समजा, २० चौरस मीटरच्या खोलीची हानी कडाक्याच्या थंडीत १,००० वॉट आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ५० वॉट. फरशी हवेपेक्षा एक अंशाने गरम असली तर चौरस मीटरमागे सुमारे ११ वॉट देते. तेव्हा खोली २० अंशांवर ठेवण्यासाठी पृष्ठभाग २५ अंशांच्या आसपास असला की भागते. वावरण्याच्या जागेत २९ अंश ही युरोपीय मानकाची मर्यादा आहे, ती येथे बरीच दूर राहते. १५ सेंटिमीटर अंतराने टाकल्यास सुमारे १३३ मीटर नळी लागते. १६ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे एक वेटोळे साधारण १०० मीटरच्या आत ठेवतात, त्यामुळे येथे दोन वेटोळी करावी लागतील. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक धरला, तर दोन्ही मिळून तासाला सुमारे १७२ लिटर पाणी फिरले पाहिजे. नळ्या १० सेंटिमीटरवर आणल्या तर नळी दीडपट लागते, पण तेवढीच ऊब आणखी कमी तापमानाच्या पाण्यात मिळते. हीट पंप असेल तेथे हा खर्च करावाच, कारण त्याचा लाभ प्रत्येक हिवाळ्यात मिळत राहतो.

वरच्या आच्छादनाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. दगडी लादी उष्णता सहज वर येऊ देते. तिच्या जागी जाड लाकूड किंवा गालिचा आला आणि उष्णतारोध (चौरस मीटर-अंश प्रति वॉट या एककात) ०.१० ने वाढला, तर याच खोलीला सुमारे ५ अंश अधिक गरम पाणी लागेल. मानकातील कमाल मर्यादा ०.१५ आहे. नळ्यांखालचे उष्णतारोधक थर आणि भिंतीलगतची प्रसरणपट्टी या गोष्टी कोबा पडण्यापूर्वीच पुऱ्या व्हायला हव्यात.

नियंत्रण साधे असलेले बरे. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान बदलणारी रचना बहुतेक काम उरकते. प्रत्येक खोलीत थर्मोस्टॅट बसवून वेटोळी वरचेवर बंद होऊ लागली, तर वाहते पाणी कमी पडते आणि कॉम्प्रेसर पुनःपुन्हा चालू-बंद होऊन लवकर झिजतो. कोबा तापायला आणि निवायला तासन्‌तास घेतो, त्यामुळे रात्री तापमान बरेच उतरवून सकाळी झपाट्याने चढवण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

शीतनाचा हिशेब वेगळा आणि जास्त कडक असतो. गार हवा खालीच साचते, म्हणून फरशी एका अंशामागे ७ वॉटच्या आसपासच उष्णता शोषते. हवा २६ आणि फरशी २० अंशांवर असेल तर चौरस मीटरमागे ४० वॉटच हाती लागतात. शिवाय दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते त्याचा, अडसर असतो. २६ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला दवबिंदू १५ अंशांच्या जवळ असतो, तेव्हा फरशी कोरडी राहते. हवा २८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की तो २३ अंशांपर्यंत चढतो. २० अंशांची फरशी मग ओली आणि निसरडी होते. म्हणून पाण्याचे तापमान दवबिंदूच्या वर राखणारा आर्द्रतामापक अत्यावश्यक आहे. मॅनिफोल्ड (वेटोळ्यांना पाणी वाटून देणारा जोड) आणि तिथवरच्या नळ्यांना बाष्परोधक वेष्टण हवे. न्हाणीघराची वेटोळी शीतनाच्या काळात बंद ठेवतात.

दमट हवामानात फरशीच्या जोडीला हवा कोरडी करणारी यंत्रणा लागतेच. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर गार फरशीबरोबर कोरडी केलेली थंड हवा खालच्या पातळीवर सोडतात. उंच दालनात माणसे वावरतात तेवढाच थर त्यामुळे गार ठेवावा लागतो, छताजवळची हवा गरम राहिली तरी चालते.