निळ्या शर्टातली ती बाई ‘रोझी’ नव्हे

डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, निळा शर्ट, बाही सारून दाखवलेला दंड आणि वर ‘वुई कॅन डू इट!’ (आपण हे करू शकतो!). दुसऱ्या महायुद्धात हे पोस्टर पाहून अमेरिकी बायका कारखान्यांकडे वळल्या आणि चित्रातली ती ‘रोझी द रिव्हेटर’, म्हणजे धातूचे पत्रे रिव्हेटने जोडणाऱ्या कामगार बायकांचं प्रतीक, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

जे. हॉवर्ड मिलर यांनी हे पोस्टर वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केलं. फेब्रुवारी 1943मध्ये ते जेमतेम दोन आठवडे कंपनीच्याच कारखान्यांत लागलं होतं, म्हणजे आधीच कामावर असलेल्या माणसांसमोर. भरतीशी त्याचा संबंध नव्हता. बाहेरच्या जगाला ते कळलं 1980च्या दशकात, आणि रोझी हे नावही त्याला तेव्हाच चिकटलं.

रोझीचं चित्र वेगळं आहे. नॉर्मन रॉकवेल यांचं ते तैलचित्र 29 मे 1943च्या ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आलं. मांडीवर रिव्हेट ठोकायची गन, हातात सँडविच, पायाखाली हिटलरचं ‘माइन काम्फ’ हे पुस्तक. आणि डब्यावर चक्क ‘रोझी’ लिहिलेलं! भरदार बांध्याच्या या बाईची बैठक मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलमध्ये रंगवलेल्या यशया या बायबलमधल्या प्रेषितावरून घेतलेली आहे. प्रेषिताचा डौल एका कामगार बाईला देणं मला फार मोलाचं वाटतं.

बायका युद्धामुळेच कारखान्यात आल्या, हा समजही ‘वुई कॅन डू इट!’ पोस्टरने पोसला. पण चित्रकार एअर क्रो यांनी इंग्लंडमधल्या विगनच्या गिरणी कामगार मुली, जेवणाच्या सुट्टीत बाहेर बसलेल्या, 1874मध्येच रंगवल्या होत्या. ते चित्र मँचेस्टर आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे.