खाटेमागे किती सिस्टर आणि पाळीवर किती?

30 खाटांचा वॉर्ड, 15 मंजूर पदं. आढावा बैठकीत भागाकार होतो: 1:2, उत्तम. त्याच वॉर्डात नाइटला दोन सिस्टर, म्हणजे 1:15. दोन्ही आकडे खरेच. पहिला आस्थापनेचा, म्हणजे एकूण मंजूर पदांचा; दुसरा पाळीचा, म्हणजे त्या वेळी प्रत्यक्ष हजर असलेल्यांचा.

मधली गळती अशी. साप्ताहिक सुट्या 52, रजा आणि सणवार मिळून 45 धरा. एक सिस्टर वर्षात 268 दिवस ड्युटीवर असते. पंधराजणींच्या 4,020 ड्युट्या, रोजच्या 11. मॉर्निंगला 5, इव्हिनिंगला 4, नाइटला 2. इन्चार्ज सिस्टर याच पंधरात मोजली असेल (बहुधा असतेच), तर पेशंटपाशी त्याहून कमी. प्रत्येक पाळीला पाच हव्या असतील तर वर्षाला 5,475 ड्युट्या लागतात, म्हणजे 21 पदं. वरची सहा म्हणजे रजा राखीव. खर्चाला कात्री लागली की पहिली हीच जातात, कारण कागदावर ती जास्तीची दिसतात.

कॅलिफोर्नियाच्या 1999 च्या कायद्यात हा घोळ नाही. 2004 पासून तिथे लागू असलेलं प्रमाण पाळीचंच आहे. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात 2005 पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त 5 पेशंट, रात्रीही तेवढेच. ती जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी हवी.

खाटांच्या आकड्यात आणखी एक गोष्ट लपते: जमिनीवरच्या गाद्या. मंजूर खाटा 30, दाखल 42.

1:15 ला काय होतं ते टीपीआर चार्टवर, म्हणजे तापमान-नाडी-श्वसनाच्या नोंदींच्या तक्त्यावर दिसतं. तापमान, नाडी, श्वसन, बीपी नीट घ्यायला एका पेशंटला चार-पाच मिनिटं. पंधरांची एक फेरी तासाहून मोठी. मध्येच रक्त चढवायचं असेल तर पहिली 15 मिनिटं त्या पेशंटजवळून हलता येत नाही. मग रात्री दोनच्या रांगेत सगळ्यांचं श्वसन 20. न मोजलेलं. ऑडिटला फाइल पूर्ण, म्हणजे दोघीत सगळं नीट झालं असंच दिसतं. पाळीचा आकडा खोटा ठरवणारा पुरावा सिस्टरच्याच हातचा.

त्यापेक्षा रकाना रिकामा ठेवून लिहावं: ‘रात्री 2 ची नोंद घेता आली नाही, रुग्ण 15, एकाला रक्त चालू, इन्चार्जना 1.50 ला कळवलं.’ रोस्टरसोबत अशा नोंदी महिनाभर जमल्या, की अधिसेविकेला (मेट्रनला) बैठकीत 1:2 च्या शेजारी ठेवायला पाळीचा आकडा मिळतो.