समुद्रकाठी पाच दिवस: लॅनडिडनोच्या बससहलीची माहिती

नमस्कार. ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावरील लॅनडिडनो गावाची सहल ठरवण्याआधी हे पत्रक एकदा सवडीने वाचावे, ही विनंती. बुकिंग बहुधा मुलगा किंवा सून करते आणि प्रवास आई-बाबा करतात. मधल्या मध्ये बरीच माहिती राहून जाते. म्हणून हे लिहिताना आम्ही प्रवास करणाऱ्यांनाच डोळ्यांसमोर ठेवले आहे. पत्रक घरी वाचून दाखवा, किंवा भारतात असलेल्या आई-बाबांना फोनवर पाठवा.

भारतातून मुलांकडे आलेल्या ज्येष्ठांची फिरण्याची हौस मोठी असते. पण त्यांच्या वाट्याला येतात त्या पळापळीच्या सहली: रोज नवे हॉटेल, रोज पहाटे बॅग भरणे, बसमधून उतरून फोटो काढणे आणि पुन्हा बसमध्ये चढणे. आमची सहल तशी नाही. सोमवारी निघायचे आणि शुक्रवारी परतायचे. चारही रात्री मुक्काम एकाच हॉटेलात, एकाच खोलीत. बॅग एकदाच उघडायची. मधल्या तीन दिवसांपैकी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवला आहे. "त्या दिवशी काय दाखवणार?" असे फोनवर नेहमी विचारले जाते. त्या दिवशी समुद्र आहे, बाके आहेत आणि घाई नाही. सुट्टीला याहून अधिक काही लागते असे आम्हाला वाटत नाही.

गाव कसे आहे

लॅनडिडनो उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर, चुनखडीच्या दोन डोंगरांच्या मध्ये वसले आहे. पश्चिमेला ग्रेट ऑर्म, पूर्वेला लिटल ऑर्म आणि मध्ये चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा. १८४८ नंतर मॉस्टिन घराण्याने आपल्या जमिनीवर हे गाव आखून वसवले. १८५८ मध्ये रेल्वे आली आणि लँकेशर, लिव्हरपूलकडची माणसे सुट्टीला येऊ लागली. किनाऱ्यालगत एकसारख्या उंचीची, फिकट रंगांची हॉटेले, त्यांच्यासमोर रुंद फरसबंद रस्ता आणि पुढे समुद्र, अशी रचना आजही टिकून आहे. या रस्त्याला सगळे प्रॉमनेड म्हणतात. तो सपाट आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही तिथे निवांत चालता येते, आणि बसायला जागोजागी बाके आहेत. दुकाने मागच्या मॉस्टिन स्ट्रीटवर आहेत. तिथे बऱ्याच दुकानांपुढे काचेचे छत आहे, त्यामुळे पाऊस आला तरी फिरणे थांबत नाही.

गावाच्या दोन्ही बाजूंना समुद्र आहे. मुख्य किनारा नॉर्थ शोअर. तिथे गोटे जास्त, वाळू ओहोटीला दिसते. दुसरी बाजू वेस्ट शोअर. ती शांत आणि वाळूची आहे आणि समोर स्नोडोनियाचे डोंगर दिसतात. सूर्यास्त तिथूनच पाहावा. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो, म्हणजे साडेसहाचे जेवण आटोपून सावकाश चालत गेलात तरी वेळेवर पोहोचाल. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: वेस्ट शोअरला ओहोटीच्या वेळी पाणी फार दूर जाते आणि वाळूतून आत चालत जाण्याचा मोह होतो. भरती वेगाने येते. काठाजवळच राहा.

१८७७ साली खुला झालेला इथला पिअर, म्हणजे समुद्रात आत जाणारा फळ्यांचा धक्का, वेल्समधला सर्वात लांब. समुद्रात सुमारे ७०० मीटर आत जातो. फळ्यांच्या मध्ये फटी आहेत. काठी घेऊन चालणाऱ्यांनी तिचे टोक त्यात अडकणार नाही हे पाहावे. हातात चिप्स किंवा आइस्क्रीम असेल तर सीगल पक्ष्यांकडे लक्ष ठेवा, ते हातातला घास उचलून नेतात. हवा चांगली असली की प्रॉमनेडवर पंच आणि जूडीचा बाहुल्यांचा खेळ लागतो. कॉडमन घराणे १८६० पासून इथे तो करत आले आहे. नातवंडे सोबत असतील तर तो चुकवू नका.

ग्रेट ऑर्मवर

हा डोंगर २०७ मीटर उंच आहे. चढून जाण्याची गरज नाही. १९०२ साली सुरू झालेली, लोखंडी दोराने ओढली जाणारी ट्राम वर नेते. अर्ध्या वाटेवर उतरून दुसऱ्या ट्राममध्ये बसावे लागते. डब्याची पायरी थोडी उंच आहे. आमचा माणूस हात द्यायला तिथे असतो. केबल कारही आहे, १९६९ पासूनची, पण वारा वाढला की ती बंद ठेवतात. म्हणून ट्रामचे तिकीट आम्ही सहलीच्या दरात धरले आहे. केबल कारचे धरलेले नाही. ज्यांना हौस असेल त्यांनी तिथे जाऊन काढावे.

डोंगरावर लांब केसांच्या, मोठ्या शिंगांच्या पांढऱ्या शेळ्या हिंडताना दिसतील. त्या मूळच्या काश्मिरी वंशाच्या. व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या कळपातून त्या मॉस्टिन घराण्याकडे आल्या आणि पुढे इथेच रानात वाढल्या. मार्च २०२० मध्ये सगळे घरात बंद असताना याच शेळ्या गावात उतरून लोकांच्या बागा खात होत्या. ती चित्रे जगभर पाहिली गेली. आपल्याकडची जित्राबे इतक्या दूर या थंड वाऱ्यात सुखाने नांदताना पाहून आमच्या मंडळींना फार आनंद होतो. शेळ्यांना काही खायला घालू नये.

डोंगराच्या पोटात कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे. १९८७ मध्ये ती उजेडात आली आणि १९९१ पासून लोकांना पाहता येते. हाडांच्या आणि दगडांच्या अवजारांनी साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हे बोगदे खोदले. आतली वाट अरुंद आहे आणि पायऱ्या आहेत. गुडघे, कंबर किंवा श्वासाचा त्रास असेल तर आत जाऊ नका. खाणीचे उघडे खोदकाम वरूनही दिसते, आणि तेही पाहण्यासारखे आहे.

कॉनवी आणि बॉडनंट

एका दिवशी बस आपल्याला जवळच्या कॉनवीला नेते. तिथला किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ या काळात बांधला. आठ बुरूज आणि गावाभोवती जवळजवळ अखंड तटबंदी. १९८६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. आपले मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये त्याच यादीत गेले, म्हणून आमच्या बसमध्ये कॉनवीच्या दिवशी चर्चेला उधाण येते. फरक लक्षात ठेवावा: हा किल्ला वेल्सच्या लोकांनी स्वतःसाठी बांधलेला नाही. त्यांना दाबात ठेवण्यासाठी जिंकणाऱ्याने तो उभारला. इथली माणसे हे विसरलेली नाहीत, आणि आपली भाषा त्यांनी जिद्दीने राखली आहे. रस्त्यावरच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत वेल्श असते. सकाळी हॉटेलात "बोरे दा" (वेल्शमध्ये सुप्रभात) म्हणून पाहा, समोरचा चेहरा खुलतो.

बुरुजांचे जिने गोल आणि उंच पायऱ्यांचे आहेत. ज्यांना ते जमणार नाहीत त्यांनी धक्क्यावर बसावे. तिथेच ब्रिटनमधले सर्वात छोटे म्हणून ओळखले जाणारे लाल घर आहे, जेमतेम सहा फूट रुंदीचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या सुरुवातीला येणाऱ्या गटाला आम्ही बॉडनंट बागेत नेतो. लॅबर्नमच्या वेलीसारख्या वळवलेल्या झाडांची ५५ मीटर लांब कमान तेव्हा पिवळ्या घोसांनी भरलेली असते, बहावा फुलावा तशी. फुले वा शेंगा तोंडात घालू नका, झाड विषारी आहे. लहान मुलांवर लक्ष ठेवा.

बसचा प्रवास

लंडनहून अंतर सुमारे २४० मैल. स्लाव, मिल्टन कीन्स आणि बर्मिंगहॅम इथे बसमध्ये चढता येते. जेवणासाठी चेस्टरला थांबतो. चालकाला कायद्याने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि आम्ही त्याहून अधिक वेळा थांबतो. बसमधले शौचालय लहान आहे आणि चार पायऱ्या उतरून जावे लागते, म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून घ्यावे. सीटबेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

जागा ठरलेल्या असतात. पुढच्या दोन ओळींसाठी आम्ही जास्त पैसे घेत नाही. बस लागणाऱ्यांसाठी आणि ज्यांना चढउतार जड जाते त्यांच्यासाठी त्या राखून ठेवतो. जाताना ॲबर्गेलीच्या पुढे समुद्र उजवीकडे येतो, परतताना डावीकडे. त्यामुळे पाचही दिवस जागा तीच ठेवतो, म्हणजे दोन्ही बाजूंना समुद्र मिळतो.

मोठी बॅग माणशी एक. औषधे, चष्मा, इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. घडीची व्हीलचेअर किंवा वॉकर बसच्या पोटात जातो, पण बुकिंग करतानाच सांगा.

खाणे

सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण दरात आहे, दुपारचे ज्याने त्याने घ्यायचे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडे आणि चीज चालते असे धरतात. अंडे नको, कांदा-लसूण नको, उपवास आहे, यातले जे असेल ते आम्हाला दहा दिवस आधी कळवा. आम्ही ते हॉटेलला लेखी देतो. एकादशीला उकडलेला बटाटा, फळे आणि दही नक्की मिळते.

बाहेर खाताना शाकाहारी मंडळींनी तीन गोष्टी विचाराव्यात. काही दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा तेल कोणते ते आधी विचारा. वेल्श रेअरबिट म्हणजे भाजलेल्या पावावर चीजचे सारण. त्यात बहुधा वूस्टर सॉस घालतात आणि त्या सॉसमध्ये मासे असतात. वेल्श केक कधी कधी डुकराच्या चरबीत करतात. बारा ब्रिथ हा मनुका घातलेला गोडसर पाव चहासोबत छान लागतो. त्यात अंडे असू शकते.

खोलीत पाणी उकळायची किटली असते. गरम पाणी घालून होणारे पोहे, उपमा खुशाल आणा, चिवडा-लाडूही आणा. इंडक्शन शेगडी आणू नका. आणि पूजा करणाऱ्यांना नम्र विनंती: खोलीत उदबत्ती, निरांजन लावू नका. धुराने अलार्म वाजतो आणि सगळे हॉटेल रस्त्यावर उतरते.

हॉटेले जुनी आहेत, लिफ्ट लहान आहेत. लिफ्टपर्यंत जायलाही काही ठिकाणी दोन-चार पायऱ्या असतात. खालच्या मजल्यावरच्या खोल्या मोजक्याच आहेत. त्या ज्यांना गरज आहे त्यांना देतो.

कपडे, कागदपत्रे, पैसे

छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे, कारण इथल्या वाऱ्यात छत्री उलटते. साडी नेसणाऱ्यांनी वरून विंडचीटर आणि पायात बूट घालावेत. उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

वेल्सला जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, हद्दीवर तपासणीही नसते. भारतातून आलेल्यांनी प्रवास विमा घेतलेलाच असावा. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर खर्च मोठा येतो. इंग्लंडमध्ये मिळालेला ज्येष्ठांचा मोफत बसपास वेल्समध्ये चालत नाही, म्हणून सुटे पैसे किंवा कार्ड जवळ ठेवा.

तुमच्या पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. बस, हॉटेल आणि सहली एकत्र विकल्या जातात तेव्हा ब्रिटनमध्ये २०१८ चे पॅकेज प्रवासाचे नियम लागू होतात. त्यानुसार आमचा व्यवसाय बंद पडला तरी तुमची रक्कम सुरक्षित राहील अशी तरतूद करणे आमच्यावर बंधनकारक आहे. तिचे प्रमाणपत्र बुकिंगच्या कागदांसोबत मिळते. ते मागून घ्या, आमच्याकडूनही आणि इतर कोणाकडूनही. प्रवासाला २० दिवसांहून कमी उरले असतील तर दर वाढवता येत नाही. दर आठ टक्क्यांपेक्षा अधिक वाढला, तर तुम्ही काही न कापता सहल रद्द करू शकता. आजारपणामुळे कोणाला येता आले नाही, तर निघण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवून तीच जागा दुसऱ्या नातेवाइकाच्या नावे करता येते. नाव बदलण्याचा जो खरा खर्च येईल, तेवढाच आम्ही घेतो.

बुकिंगसाठी फोन कराल तेव्हा या गोष्टी हाताशी ठेवा: प्रवाशाचे पासपोर्टवरचे नाव, चढण्याचे ठिकाण, खाण्याची पथ्ये, चालू औषधे, किती पायऱ्या चढता येतात आणि इथल्या मुलाचा किंवा मुलीचा रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर. मराठीतच बोला.