गुठळी विरघळवणं वेगळं, ओढून काढणं वेगळं

"साडेचार तास होऊन गेले, आता नेऊन उपयोग नाही." मेंदूत गुठळी अडकून झटका (पॅरालिसिस) आला, की जतपासून पाटणपर्यंत हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की पेशंटला घेऊन निघालेली माणसं गाडी माघारी वळवतात. साडेचार तासांचा नियम खराच आहे, पण तो गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. गुठळी काढण्याच्या उपचाराला तो लागू नाही. मेंदूच्या मागच्या भागात झटका आला असेल, तर हा घोळ थेट जिवावर बेततो.

इंजेक्शनचं फार सांगायला नको. अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघायचं आणि शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. फक्त वेळ मोजायची ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून.

गुठळी काढण्यात, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमीत, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवतात, ती मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी जाळीत पकडून किंवा शोषून बाहेर ओढतात. हे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत होतं, कवटी उघडत नाहीत. "मेंदूचं ऑपरेशन नको" म्हणून सही अडवून धरणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. तासगावच्या बागायतदाराला लगेच कळेल: ठिबकमध्ये ॲसिड सोडणं वेगळं आणि नळी खोलून अडकलेला गाळ ओढून काढणं वेगळं. मोठ्या धमनीतली मोठी गुठळी नुसत्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही.

आता मेंदूची मागची बाजू. मानेतून वर जाणाऱ्या दोन धमन्या कवटीत एकत्र येतात आणि त्यांची एक बॅसिलर धमनी होते. मेंदूस्तंभ, लहान मेंदू आणि नजरेचा भाग यांचं रक्त याच वाटेने येतं. श्वास, गिळणं, शुद्ध, सगळं तिथेच. ही धमनी बंद पडणं तसं विरळच, पण पडली की मृत्यू किंवा कायमचं अंथरूण, असाच बहुतेकांचा शेवट होत असे.

आणि हा झटका येतो साध्या चक्करेच्या वेशात. गरगरतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. तोंड सरळ असतं, दोन्ही हात वर जातात, म्हणून "पॅरालिसिस नाही, पित्त आहे" असं ठरतं. नाहीतर मानेच्या मणक्यावर खापर फुटतं आणि सलाईन लागतं. इकडे पेशंटला कॉटवर बसवलं की तो एका अंगाला कलंडतो, घोटभर पाणी दिलं की ठसका लागतो, आणि घरचे म्हणतात, "जागरण झालंय, ऊन लागलंय." आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नसेल, तर त्या चक्करेला साधी म्हणूच नका. "सीटी नॉर्मल आहे" यावरही थांबू नका. साध्या सीटीत मागचा भाग नीट दिसत नाही. धमनी बंद आहे का, हे सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये कळतं.

निदान व्हायला असा अर्धा दिवस जातो, तोवर इंजेक्शनची वेळ टळलेली असते. म्हणूनच दुसऱ्या उपचाराची वेळ माहीत असणं इथे सगळ्यात गरजेचं.

मेंदूच्या पुढच्या भागासाठी गुठळी काढण्याचा फायदा 2015 मध्येच सिद्ध झाला. मागच्या भागासाठी मात्र बेस्ट आणि बेसिक्स या आधीच्या चाचण्यांत स्पष्ट फायदा दिसला नव्हता, त्यामुळे शंका रेंगाळली. ती 2022 मध्ये चीनमधल्या दोन चाचण्यांनी फेडली. अटेन्शन या चाचणीत 12 तासांच्या आतले पेशंट होते. गुठळी काढलेल्यांपैकी 46 टक्के लोक तीन महिन्यांनी आधाराशिवाय चालण्याइतके सावरले, बाकीच्यांत 23 टक्के. बाओचे या चाचणीत तर 6 ते 24 तासांतले पेशंट होते, आणि तिथेही 46 विरुद्ध 24 टक्के. मेंदूत रक्तस्रावाचा धोका शंभरात पाचेक जणांना होता, तरी अटेन्शनमध्ये मृत्यू 55 वरून 37 टक्क्यांवर आले.

याचा अर्थ 24 तास निवांत बसायचं असा कुणी काढू नये. दर तासाला मेंदू मरत असतो. स्कॅनमध्ये बराच भाग आधीच गेलेला दिसला, तर डॉक्टर नाही म्हणतील. झटका सौम्य असेल, तर फायदा सिद्ध झालेला नाही.

सगळ्यात खटकतं ते "इंजेक्शन दिलंय, आता उद्यापर्यंत बघू." वेळेत बसत असेल तर इंजेक्शन जवळच्या ठिकाणी द्यावंच, पण त्याचा परिणाम बघत थांबू नये, धमनी बंद असेल तर लगेच पुढे हलवावं. बीपी वाढलंय म्हणून घरीच जिभेखाली गोळी ठेवून ते झटकन उतरवू नये, उरलंसुरलं रक्तही तुटतं. तोंडाने पाणी, चहा, गोळी काही नको.

108 ला फोन लावा. मिरज, कराड किंवा पुण्याकडे निघण्याआधी तिथे फोन करून विचारा: "मेंदूतली गुठळी काढणारे डॉक्टर आत्ता आहेत का, आणि कॅथलॅब चालू आहे का?" नुसतं "न्यूरो आहे का" विचारलं, तर हो असंच उत्तर येईल.