चलान भरायला गेलात आणि साइट पैसेच घेत नाही? कोर्टात गेलेलं ई-चलान असं शोधा

तालुक्याच्या कोर्टासमोर माझं ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा ही रोजची कामं. आता त्यात चलानाचीही भर पडली आहे. माणूस मोबाइल पुढं करतो आणि म्हणतो, "भाऊ, चलान भराले बसलो, तं हे पैसे घेऊनच नाही राह्यलं." गाडीचा नंबर बरोबर, दंडाची रक्कम समोर, पण भरायचं बटण गायब. ओळीच्या टोकाला बारीक इंग्रजीत प्रकरण कोर्टात पाठवल्याचं लिहिलेलं असतं. बहुतेकांच्या नजरेतून ते सुटतं, आणि ज्याला दिसतं त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

घाबरू नका. पण भरायच्या आधी चलान आज कुठं पडलं आहे ते शोधा. पोलिसांकडे किंवा आरटीओकडे असेल तर त्यांच्या साइटवर भरायचं, व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, कोर्टात गेलं असेल तर तिथं, आणि तिथूनही पुढं सरकलं असेल तर खऱ्या कोर्टात. ज्या दारी चलान आहे त्याच दारी पैसे चालतात. अर्धे हेलपाटे चुकीच्या दारावर टकटक केल्यामुळेच होतात.

पहिला घोळ साइटचा. रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी किंवा महामार्ग पोलिसांनी केलेलं चलान महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर दिसतं. आरटीओच्या पथकानं केलेलं चलान केंद्राच्या परिवहन ई-चलान साइटवर सापडतं. एका ठिकाणी 'काही थकीत नाही' आलं म्हणून मोकळं समजू नका, दोन्ही पाहा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या लोकांनी तिसरीही पाहावी. पांढरकवड्याहून आदिलाबादला बाजाराला, दवाखान्याला जाणारे कितीतरी आहेत, आणि तेलंगणा पोलिसांची चलानाची साइट वेगळी आहे.

दुसरा घोळ चेसिस नंबरचा. महाट्रॅफिकवर गाडीच्या नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. आरसीचं कार्ड पाकिटात घासून गुळगुळीत झालेलं असतं, नाहीतर ते फायनान्सवाल्याकडेच राहिलेलं असतं. अशा वेळी आधी विम्याचा जुना कागद शोधा, त्यावर दोन्ही नंबर असतात. तोही नसेल तर गाडी सावलीत लावा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि हँडलखालच्या जाड नळीवर कोरलेले आकडे पाहा. बहुतेक मोटरसायकलींवर चेसिस नंबर तिथंच असतो. पऱ्हाटीच्या वावरातून आलेल्या गाडीवर काळ्या मातीचा थर असतो. ओल्या फडक्यानं तो पुसून वरून खडू घासला की आकडे पांढरे उठून दिसतात. तीन आणि आठ यांत गल्लत फार होते, म्हणून फोटो काढून मोठा करून वाचा.

तिसरा घोळ सगळ्यात मोठा, तो मोबाइल नंबरचा. गाडी घेताना फॉर्म शोरूमच्या पोरानं भरला आणि नंबर त्याचाच टाकला, किंवा तुमचं ते सिम बंद होऊन जमाना झाला. मेसेज तिकडे जात राहतात, तुम्हाला पत्ता नाही, आणि कळतं ते थेट समन्स आल्यावर. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर परिवहनच्या साइटवर बदलता येतो. आज चलान नसलं तरी हे काम करून ठेवा.

सेकंड हँड गाडी असेल तर वेगळाच ताप. आपल्याकडे गाडी विकली म्हणजे पैसे मोजले, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायच्या कागदावर) सही घेतली आणि चावी दिली. कागद सीटखाली तसेच पडून राहतात, आरसीवर नाव जुन्याच मालकाचं. चलानही त्याच्याच नावावर, कोर्टाच्या रेकॉर्डमध्येही तोच आरोपी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात गाडी विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इथं १४ वर्षं झाली तरी कुणी कळवत नाही. मागं एक म्हातारे गृहस्थ आले होते. गाडी विकून पाच वर्षं झालेली, हेल्मेटची चार चलानं त्यांच्या नावावर, आणि घेणारा गाडी चालवतोय नागपुरात. त्यांच्याजवळ साधी डिलिव्हरी नोटही नव्हती. गाडी कोणत्या तारखेला, कोणाला दिली याचा सही केलेला कागद असता तर पोलिसांसमोर आणि कोर्टासमोर सांगायला काहीतरी आधार होता. गाडी देताना त्या कागदाची झेरॉक्स आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत ठेवा. हा कागद शंभरात दोघांजवळ निघतो.

मालक वारला असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला घेऊन आधी गाडी फॉर्म ३१ नं आपल्या नावावर करायची सुरुवात करावी. मेलेल्या माणसाच्या नावाचं समन्स आलं तर परत पाठवून विषय संपत नाही. दाखल्याची प्रत कोर्टात द्या.

आता कोर्टाकडे वळू. चलानांसाठीचं महाराष्ट्रातलं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं, आणि तेही मुंबई-पुण्यात नव्हे, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलात. व्हर्च्युअल कोर्ट म्हणजे जिथं पक्षकारानं जायचंच नसतं. न्यायाधीश चलान पाहून दंड ठरवतात, मेसेज येतो, आणि तुम्ही ऑनलाइन भरता. व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर राज्य आणि विभाग निवडायचा. महाराष्ट्राच्या नावापुढं वेगवेगळे विभाग दिसतात, चुकीचा निवडलात तर 'रेकॉर्ड नाही' येणारच. मोबाइल नंबर, सीएनआर नंबर (कोर्टानं प्रकरणाला दिलेला नंबर), नाव, किंवा चलान वा गाडीचा नंबर, यांपैकी कशानंही शोधता येतं. मी गाडीच्या नंबरानंच शोधतो. नावाच्या वाटेला जाऊ नका. आत्राम हे आडनाव इंग्रजीत एका 'ए'नं लिहिलंय की दोन, हे आरसी टाइप करणाऱ्यालाच ठाऊक.

प्रकरण उघडलं की दोन पर्याय येतात: दंड भरतो, किंवा प्रकरण लढवतो. इथं हात आवरा. मोबाइलवर घाईत बोट दुसऱ्या पर्यायावर पडलं, ओटीपीही टाकून झाला, की प्रकरण नियमित कोर्टात जातं आणि साइटवरून ते परत ओढता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका पोरानं असंच केलं. पाचशेच्या दंडासाठी नागपूरची तारीख, जाण्यायेण्याचा खर्च, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. चलान खरंच चुकीचं असेल तर मात्र बेलाशक लढा, तो तुमचा हक्क आहे. ट्रॅक्टरच्या नंबरावर हेल्मेटचं चलान आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण असं असेल तर चलान पोलिसांकडे असतानाच महाट्रॅफिकवर तक्रार करा, चलानावरचा फोटो आणि आपल्या गाडीचा नंबर प्लेटसह फोटो जोडून. कोर्टात गेल्यावर तेच काम दहापट जड होतं.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा, बँकेचा मेसेज जपून ठेवा, एकदोन दिवसांनी पुन्हा पाहा. आपल्याकडे नेट कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको.

व्हर्च्युअल कोर्टात प्रकरण नियमित कोर्टाकडे वर्ग झाल्याचं दिसलं तर ई-कोर्ट सेवेची साइट किंवा ॲप उघडा. सीएनआर नंबर हाताशी असेल तर काम दोन मिनिटांचं. तो सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, आपल्याकडे 'एमएच'नं सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. शून्य आणि 'ओ' यांत चुकू नका, मधे डॅश किंवा जागा टाकू नका. सीएनआर नसेल तर जिल्हा, कोर्ट संकुल, वर्ष आणि नावाची किमान तीन अक्षरं देऊन शोधावं लागतं. इथं लोक हमखास स्वतःचा जिल्हा टाकतात. गाडी एमएच २९ ची, म्हणजे यवतमाळची, असली तरी चलान नागपुरात झालं असेल तर प्रकरण नागपूरला असणार. कोर्ट गुन्हा घडला त्या जागेचं, तुमच्या गावाचं नव्हे. प्रकाराच्या रकान्यात बहुधा एस.सी.सी. दिसेल, म्हणजे संक्षिप्त फौजदारी प्रकरण. 'फौजदारी' शब्द पाहून एका बाईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. साध्या हेल्मेटचं प्रकरणही त्याच खात्यात बसतं, इतकंच.

'पुढील तारीख' हा रकाना नीट वाचा. ती पैसे भरायची शेवटची तारीख नसते, त्या दिवशी कोर्टात हजर राहायचं असतं. लोक ती मुदत समजून दुसऱ्या दिवशी उगवतात, आणि तोवर गैरहजेरीची नोंद पडलेली असते. वारंवार गैरहजर राहिलात तर जामीनपात्र वॉरंट निघू शकतं, आणि मग गावात पोलीस आल्याची चर्चा दंडाहून महाग पडते. समन्स मागच्या पानासकट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे किरकोळ गुन्ह्यांत, हजर न राहता ठरावीक रक्कम पाठवून टपालानं गुन्हा कबूल करायची मुभा कोर्ट समन्समध्येच देऊ शकतं. ती ओळ असेल तर एक फेरी वाचली.

हजर राहायचं असेल तर आधार, आरसी, लायसन्स, विमा, चलानाची प्रिंट आणि समन्स न्या. प्रत्येकाची झेरॉक्स सोबत असू द्या. नाव पुकारलं की पुढं जा, न्यायाधीश विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, कबुली दिली तर दंड सांगतील, तो नाझरकडे भरून पावती घ्या. आवारात 'मी कटवून देतो' म्हणणारे दोघेतिघे भेटतील. त्यांना चहासुद्धा पाजू नका. वकील हवा आणि ऐपत नाही, तर तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय त्याच आवारात असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनवर विचारायचं तर विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० लावा.

लोकअदालतीबद्दल गैरसमज अमाप. 'त्या दिवशी सगळं माफ होते जी' असं पारावर सांगतात. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते, तडजोडयोग्य चलानं तिथं मिटतात, कोर्ट फी लागत नाही. सूट मिळेलच अशी हमी नाही. आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी रक्कम वाचा. दारू पिऊन चालवल्याचं प्रकरण, कलम १८५, तिथं मिटत नाही आणि ऑनलाइन भरताही येत नाही. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पकडलेल्यांनी सरळ वकील गाठावा. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली असेल तर तेही साधं चलान समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'सहा महिने झाले की चलान आपोआप रद्द' हीही पारावरचीच गोष्ट. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची कोर्टानं दखल घ्यायला सहा महिन्यांची मर्यादा आहे हे खरं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ४६८ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण ती कोर्टापुढं मांडायची बाजू आहे, विलंब माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे, आणि साइटवरची नोंद काही स्वतःहून पुसली जात नाही.

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडू नका. सरकार चलान असं पाठवत नाही. उघडलीच आणि खात्यातून पैसे गेले तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

शेवटची अडचण दंड भरल्यानंतरची आहे, आणि तिच्यावरच मला सगळ्यात जास्त राग येतो. कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये प्रकरण निकाली, पावती हातात, आणि चलानाच्या साइटवर तेच चलान अजून थकीत. गाडी नावावर करायला गेलात की आरटीओत काम अडतं. दोन सरकारी खात्यांनी एकमेकांना कळवायचं काम पावतीवाल्याच्या चपलांवर येतं. म्हणून निकाल लागल्यावर महिनाभरानं साइट पुन्हा पाहा. नोंद तशीच असेल तर पावती आणि ई-कोर्टवरच्या 'निकाली' नोंदीची प्रिंट घेऊन ज्यांनी चलान केलं त्या वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. पावती मशीनच्या गुळगुळीत कागदावरची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. गाडीच्या डिक्कीत ठेवलेली तसली पावती आपल्याकडच्या उन्हात कोरी होते. वैशाखात एकानं मला असा पांढरा कागद आणून दिला होता. वर फक्त स्टेपलरच्या पिनेचा गंज उरला होता.